कुंकवानं अडलेली मशीन

दादा, माणसानं किती भाव खावा?

पळसदेवला पाण्याकाठी तुझ्या दहाव्याला सगळी भावकी उन्हात ताटकळत उभी होती. पिंड मांडून झाले होते, भाषणं आटोपली होती. ज्यांनी तुला हयातीत कधी धड रामराम घातला नाही, त्यांनी माइक हातात धरून तुला देवमाणूस करून टाकलं होतं. आणि कावळा काही पिंडाला शिवेना. कावळे नव्हते असं नाही, समोरच्या वेड्या बाभळीवर रांगेनं बसले होते. एक तर खाली उतरला, पिंडाभोवती ऐटीत हिंडला आणि परत फांदीवर जाऊन बसला. मला तेव्हाच वाटलं, हा तूच. ताट वाढलं की तुला हात धुवायचे आठवायचे, मग गोठ्यात डोकावायचं असायचं, मग कुणाला तरी फोन लावायचा असायचा. भाकरी गार झाल्याशिवाय तू कधी जेवायला बसला नाहीस.

रिवाजाप्रमाणं एकेक जण पुढं होऊन तुझी राहिलेली इच्छा काय असेल ते बोलून बघायला लागला. तुझ्या महेशनं हात जोडून सांगितलं की आईला अंतर देणार नाही. धाकट्या चुलत्यांनी शेततळ्याचं काम पुरं करायचा शब्द दिला. वहिनी पदराआडून म्हणाली, म्हशी विकणार नाही. कावळा ढिम्म. गुरुजी घड्याळ बघायला लागले आणि कुणीतरी हळूच म्हणालं की दर्भाचा कावळा करून उरकून घेऊ. ते ऐकलं आणि वहिनी गुरुजींपुढं हात जोडायला लागली. तू नाराज होऊन गेलास, असं तिच्या मनानं घेतलं. तिची ती अवस्था बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पुढं झाले आणि तुझ्याशी घरात बोलायचे त्याच आवाजात बोलले.

"दादा, तुझी मशीन चालू करून दाखवते. आता तरी जेव."

आणि तो मेला खाली उतरला. सरळ भाताला चोच मारली.

माझा या गोष्टींवर विश्वास नाही, तुला ठाऊक आहे. मी ओरडले म्हणून माणसं मागं सरकली, जागा मोकळी झाली, म्हणून कावळा आला असेल. कावळ्याचं काय ते कावळ्यालाच ठाऊक. पण वहिनीनं माझा हात धरला तो सोडेना. तिच्या चेहऱ्यावर दहा दिवसांत पहिल्यांदा रंग आलेला मी पाहिला.

"वन्सं, सगळ्यांम्होरं शब्द दिलाय तुमी," ती म्हणाली. "तेराव्यापतुर चालू करा. न्हायतर त्यांचा जीव हितंच घुटमळंल."

तिथून वरकुट्याला तुझ्या घरी परत येताना जीपमध्ये सगळे माझ्याकडं बघत होते. मी बारामतीत शिवणकाम करणारी बाई. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश. पेट्रोलवर चालणाऱ्या वस्तूंशी माझा संबंध माझ्या स्कूटीपुरता, आणि तीसुद्धा बंद पडली की मी ढकलत गॅरेजला नेते. आणि शब्द देऊन बसले होते गावासमोर, कावळ्याच्या साक्षीनं.

तुझी मशीन म्हणजे झाडं कापायची पेट्रोलवरची करवत. दुकानदार तिला चेनसॉ म्हणतात, गाव कटर म्हणतं, तू नुसतं मशीन म्हणायचास, जसं काही जगात दुसरी मशीनच नाही. मग माझ्या शिलाई मशीनला काय म्हणायचं, असं मी एकदा विचारलं होतं. तर म्हणालास, "ते खेळणं हाय."

नवी घेतलीस तेव्हा तू ती आधी घरी नेली नाहीस, बारामतीला माझ्या दुकानावर घेऊन आलास. भर रस्त्यात उभं राहून दोरी ओढलीस. गल्लीतली कुत्री पळाली. माप द्यायला आलेल्या एक बाई टेप गळ्यात तशीच घेऊन समोरच्या मेडिकलमध्ये जाऊन उभ्या राहिल्या. मी ओरडत होते आणि तू हसत होतास. मग तुझी नजर माझ्या कापड बेतायच्या टेबलाकडं गेली. ते टेबल मला उंच पडायचं, टाचा उचलून उभं राहावं लागायचं, असं मी कधीतरी बोलून गेले असेन. माझ्या लक्षातही नव्हतं, तुझ्या होतं. तू टेबल रस्त्यावर आडवं पाडलंस आणि चारी पाय कापलेस, चारी वेगवेगळ्या मापांचे. अजून एका पायाखाली वीट आहे आणि दुसऱ्याखाली पुठ्ठ्याची घडी. मी आल्यागेल्याला सांगत राहिले की आमच्या दादानं टेबल वाकडं करून ठेवलं. पण उंची अशी नेमकी उतरली की त्यानंतर माझी पाठ कधी दुखली नाही, हे मात्र तुला सांगायचं राहून गेलं. आता सांगते. फार चांगलं टेबल आहे ते.

त्या मशीनवर तू आणि तुझ्या जोडीच्या बाळूतात्यांनी अर्ध्या तालुक्यातल्या वेड्या बाभळी उतरवल्या. मग तुझा खांदा गेला. डॉक्टरांनी जड उचलायला मनाई केली आणि मशीन खताच्या गोणीत बसून गोठ्याच्या माळ्यावर गेली. तिथून आपलं भांडण सुरू झालं. मी म्हणत होते, ठेवायचीच तर टाकीतलं पेट्रोल काढून ठेव. मी दिवाळीत चार दिवस दुकान बंद ठेवते तरी शिलाई मशीन पुसून, दोरा काढून, झाकण घालून जाते. तू म्हणालास, "उपाशीपोटी कोण झोपवतं का कुणाला?" आणि भरल्या टाकीनं झोपवलीस. त्यानंतर मी आले की म्हणायचे, तुझी मशीन आता भंगार झाली. आणि तू म्हणायचास, "एका दोरीत चालू हुईल, बघ." पण उघडून मात्र कधी बघितली नाहीस. दवाखान्यात नाकात नळी असतानासुद्धा मला जवळ बोलावून म्हणालास, "घरी गेलो की मशीन उघडू." मी म्हणाले, आधी तू उभा राहा, मग दोघं मिळून भंगारात घालू. तू हसलास. आपलं शेवटचं बोलणं एवढंच झालं. दुसऱ्यांची शेवटची बोलणी केवढी मोठी असतात, आपली ही अशी.

तर दहाव्याहून आल्या आल्या मी साडी खोचली आणि माळ्यावर चढले. वहिनीनं खाली शिडी धरली. गोणी ओढली तशी तोंडावर धुळीचा लोट आला आणि त्यामागून ती आली, पिवळीलाल, कोळिष्टकांत गुरफटलेली. आपली आजी लग्नाला निघायची तशी नटलेली दिसत होती. अंगणात आणून मी दोरी ओढली. दोरी तसूभरही हलली नाही.

तेवढ्यात बाळूतात्या आले. तुझ्याबरोबर इतकी वर्षं मशीनशेजारी काढून त्यांचे कान गेलेत, आणि ते मात्र जगच बहिरं असल्यासारखं ओरडून बोलतात. त्यांनीही दोरी ओढली, मशीनवर हात ठेवला आणि तीन घरांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पिस्टन धरलाय. मेली ही." आणि तिथंच उंबऱ्यावर बसून लहान मुलासारखे रडायला लागले. दहाव्याला पाण्याकाठी कोरडे उभे होते ते. त्यांना बघून वहिनी रडली, वहिनीला बघून मी. तू गेल्यापासून आम्ही इतकं मोकळं रडलो नव्हतो.

मग मी नाक पुसलं आणि आतून पेचकस आणला. मला इंजिनातलं काही कळत नाही, पण इतकी वर्षं शिलाई मशीन सांभाळून एक गोष्ट अंगवळणी पडली आहे. मशीन अडली की आधी कचरा बघायचा. मी जुनी चादर अंथरली आणि जसजसे स्क्रू निघत गेले तसतसे ओळीनं मांडत गेले. धूर बाहेर पडायच्या भोकात कुंभारीण माशीनं मातीची खोली बांधून ठेवली होती. ती खरवडून काढली. तरी दोरी हलेना. मग दोरी ज्या बाजूला असते तिकडचं झाकण उघडलं.

आत लालभडक.

दादा, मी आधी घाबरलेच. मग वास आला आणि कळलं. आतल्या पंख्याच्या पात्यांमध्ये ठासून भरलं होतं ते कुंकू होतं. कुंकू, हळद, तांदूळ, झेंडूच्या पाकळ्या, उदबत्तीच्या काड्या, आणि हे सगळं नारळाच्या पाण्यात भिजून, वाळून, दगडासारखं घट्ट झालं होतं. दर दसऱ्याला तू तिला माळ्यावरून उतरवायचास, पाटावर बसवायचास, वहिनीला हळदकुंकू लावायला सांगायचास. झाकणाला वारा आत जायला फटी असतात. तुला तेच तिचं कपाळ वाटलं. चिमूट चिमूट कुंकू, वर अक्षता, आणि मग तिच्याच पात्यावर नारळ. आपल्या दारात नारळ फोडायला दगड नव्हता का रे? पूजा मीही करते माझ्या मशीनची. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पुसून, तेल देऊन कामाला लावते. तुला पुसणं अशुभ वाटायचं. मशीन पडून राहिली म्हणून तू पूजा करत राहिलास आणि पूजा करत राहिलास म्हणून ती आणखी अडत गेली.

वहिनी वाकून बघत होती. तिला सगळं माझ्याआधी कळलं असावं.

"म्हंजी आमीच मारली व्हय हिला?"

"मारली नाही हो," मी म्हणाले. "मान जरा जास्त झाला."

आणि मला हसू फुटलं. आवरेना. वहिनी माझ्याकडं रागानं बघायला लागली आणि बघता बघता तिच्याही ओठांचे कोपरे हलले. तात्यांना काही ऐकू आलं नव्हतं, ते काय झालं, काय झालं विचारत होते, तर मला त्यांच्या कानाशी जाऊन ओरडावं लागलं की मशीनमध्ये कुंकू भरलंय. तात्या गडगडाटी हसले. सुतकाच्या घरात अंगणात बसून आम्ही तिघं पोट धरून हसत होतो. शेजारची माणसं कुंपणावरून बघून गेली. बघू देत. तू असतास तर सगळ्यात मोठ्यानं हसला असतास, आणि सगळ्यात आधी हा दोष वहिनीवर ढकलला असतास.

मी पिशवीतून शिलाई मशीनचा ब्रश आणि शिवण उसवायची पिन काढली आणि एकेक पातं मोकळं करायला लागले. वहिनी ताम्हन घेऊन आली. कुंकू कचऱ्यात टाकायचं नाही, तुळशीत घालायचं, म्हणून निघालेला कणन् कण ती त्यात गोळा करत होती. मग मी पुसत होते आणि ती खरवडत होती. दोघींचे हात कोपरापर्यंत लाल झाले. ऊन चढलं होतं. वहिनीनं मनगटानं घाम पुसला आणि तिच्या कपाळावर मधोमध लाल पट्टा उमटला. तिला कळलंही नाही.

मला दिसलं. तात्यांनाही दिसलं. आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि दोघंही परत खाली बघायला लागलो. तुला घेऊन गेले त्या दिवशी बायकांनी तिचं कपाळ पुसलं होतं, आणि ते बघणं मला तुझ्याकडं बघण्यापेक्षा जड गेलं होतं.

त्याच वेळी मोरगावच्या आत्याबाई भेटायला आल्या. त्यांना दहाव्याला जमलं नव्हतं, एसटीनं आल्या होत्या, फाटकापासूनच सूर काढत येत होत्या. अंगणातला देखावा बघून त्यांचा सूर मध्येच थांबला. लाल हातांच्या दोन बायका, मधे उघडी पडलेली मशीन. त्यांची नजर वहिनीच्या कपाळावर गेली.

"शकुंतले, कपाळाला काय गं हे?"

वहिनीनं बोट कपाळाला लावून बघितलं. बोटाकडं बघत राहिली. मला वाटलं आता पदरानं पुसणार. ती पुसायला गेली नाही.

"माझं न्हाय, आत्याबाई," ती म्हणाली. "मशीनीचं हाय."

आणि परत कामाला लागली. आत्याबाई पायरीवर बसल्या. पाणी प्यायल्या. मला वाटलं, आता तासभर ऐकून घ्यावं लागणार. मग चष्मा लावून त्या पुढं वाकल्या आणि बोट दाखवून म्हणाल्या, "त्या तिकडच्या फटीत अजून ऱ्हायलंय बघ." दादा, त्या क्षणाला मी आत्याबाईंच्या पाया पडायची बाकी होते.

पंखा मोकळा झाला. प्लग काढून त्या भोकात तात्यांनी तेलाचे थेंब सोडले आणि आम्ही भावकीतून आलेलं पिठलं-भाकरी खाऊन घेतलं. जेवण झाल्यावर तात्यांनी पंखा हातानं हळूहळू पुढंमागं करायला सुरुवात केली. जरा हलला. परत जरा हलला. मग एकदम सुळकन पूर्ण फिरला. पिस्टन धरलाच नव्हता. आतून ती अगदी ठणठणीत होती, फक्त बाहेरून तुझ्या भक्तीनं जखडली होती. तात्या माझ्याकडं बघून पुन्हा रडायला लागले, पण हे रडणं वेगळं होतं.

आणि इथून मला नाद लागला, दादा. खरं सांगते, त्यानंतर दुःख वगैरे माझ्या डोक्यातच नव्हतं. मशीन, मशीन आणि मशीन. टाकीचं झाकण उघडलं तर आत पेट्रोल कसलं, रंगाच्या डब्याच्या तळाला असतो तसला घट्ट, उग्र वासाचा चिकटा. पेट्रोलची रबरी नळी हातात घेतली तशी तिचा चुरा झाला. कार्बोरेटरमध्ये पातळ पडदा असतो, तो पापडासारखा कडक झाला होता. हे सगळं पेट्रोल न काढल्यामुळं झालं. हा मुद्दा माझा होता, आणि तू गेलास म्हणून मी तो सोडणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी बारामतीला निघाले. कार्बोरेटर ब्लाउज पीसमध्ये गुंडाळून पर्समध्ये घेतला होता. शेजारच्या बाई विचारत होत्या, सोन्याचं काही आहे का, इतकं जपून धरलंय. पंप आणि फवारणी यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दुकानात गेले. त्या माणसानं कार्बोरेटर उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, ताई, एवढी जुनी मशीन, कशाला त्रास घेता, भंगारात घाला. गंमत बघ, इतकी वर्षं मी तुला हेच सांगत होते, आणि त्या माणसाच्या तोंडून ऐकलं तर मला इतका राग आला. मी म्हणाले, भंगार ते तुमच्या मनात असेल, मला नळी, पडद्याचा किट, प्लग आणि दोरी द्या. तो म्हणाला, बसवणार कोण? मी म्हणाले, मी. ब्लाउजला बाही बसवण्यापेक्षा अवघड असतं का काही? तो हसला, पण किट देताना कुठला पडदा आधी आणि कुठला नंतर हे त्यानं नीट समजावून सांगितलं.

दुकानाचं शटर अर्धं ओढून मी तुझ्या त्या टेबलावर कार्बोरेटर उघडला. बारीक भोकं सुईनं मोकळी केली, फुंकून बघितली. पडदे बसवले, स्क्रू आवळले. बाहेर दोन गिऱ्हाइकं येऊन गेली, मी आवाज दिला नाही. दुकान घातल्यापासून असं मी कधी केलं नव्हतं. ते काम करताना मला सारखं वाटत होतं की तू रस्त्यावर उभा आहेस आणि आत यायचं सोडून उगाच सल्ले देतोयस.

तेराव्याच्या दिवशी सकाळी घरात गोड जेवणाची गडबड होती. मागच्या दारी चुली पेटल्या होत्या, महेश बुंदीची भांडी उतरवत होता, पाहुणे यायला लागले होते. आम्ही तिघं अंगणाच्या कोपऱ्यात. आदल्या दिवशी तात्यांनी चेन डिझेलमध्ये बुडवून गंज काढला होता. नवी दोरी मी माझ्या हातानं ओवली, गाठ अशी मारली की ती आता सात जन्म सुटायची नाही. ताज्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून टाकीत घातलं, थोडंसंच. प्लग मशीनच्या लोखंडाला टेकवून दोरी ओढली तर निळी ठिणगी उडाली. ती ठिणगी बघून मी जी किंचाळले, ते ऐकून बुंदीवाला आचारी झारा घेऊन धावत आला.

मग प्लग बसवला, पाय मशीनवर रोवला आणि दोरी ओढली. काही नाही. परत ओढली. काही नाही. तात्यांनी ओढली. एव्हाना पाहुणे गोळा झाले होते. सुतकाचं घर आहे, नणंद मशीन ओढतेय, काय बोलावं कुणाला कळत नव्हतं. माझा खांदा भरून आला. वहिनी तुळशीजवळ उभी होती, हात जोडून नाही, मुठी आवळून. मशीन चालू झाली नाही तर ही बाई उरलेलं आयुष्य तू इथं अडकलायस असं धरून काढणार होती, आणि ते मी बोलून ठेवलेल्या शब्दामुळं. मी मनात तुला शिव्या घातल्या. एका दोरीत म्हणाला होतास ना?

पुढच्या ओढीला ती खोकली. एकदाच. निळसर धूर भोकातून निघाला.

"चोक आत घाल," तात्या ओरडले. "आता ओढ. आता ओढ."

मी ओढली आणि दादा, ती पेटली. एकदम, कानठळ्या बसतील अशी, अंगणातली धूळ उडवत. म्हशींनी दावी ताणली. पाहुणे मागं सरले. आत्याबाई पदरानं कान झाकून हसत होत्या. तात्या एका जागी थिजले होते, मग माझा दंड धरून म्हणाले, "मला ऐकू येतीय. सुमन, मला ऐकू येतीय." माझ्या हातात ती थरथरत होती आणि मी वेड्यासारखी ओरडत होते, काय ते मलाही आठवत नाही. एवढा आनंद मला माझ्या लग्नातसुद्धा झाला नव्हता. तेव्हा मी तुला सोडून जायचं म्हणून रडत होते.

नुसती चालू करून भागणार नव्हतं, कापून दाखवायला हवं. गोठ्याजवळ बाभळीचा ओंडका होता. मी पातं टेकवलं, जोर दिला. धूर निघाला, जळका वास सुटला आणि लाकडावर नुसती काळी रेघ. पाहुण्यांत कुजबुज सुरू झाली. तात्यांनी मशीन बंद करायला लावली आणि वाकून बघितलं. चेन उलटी बसली होती, दातांची तोंडं मागं. ती मी बसवली की त्यांनी, यावर अजून आमचं एकमत नाही. मी म्हणते त्यांनी, आणि त्यांना ते ऐकू येत नाही. सरळ करून बसवली, परत दोरी ओढली आणि या वेळी, दादा, पहिल्या ओढीला चालू झाली. एका दोरीत. पातं लाकडात शिरलं ते लोण्यात सुरी शिरावी तसं. पिवळा भुसा माझ्या साडीवर, तोंडात, केसांत. ओंडका दोन तुकडे होऊन पडला.

मशीन जमिनीवर ठेवली. ती हळू आवाजात फुरफुरत होती. बंद करायला बटणाकडं बोट नेलं तशी वहिनी पुढं आली.

"थांबा वन्सं," ती म्हणाली. "जरा ऱ्हाऊ द्या चालू."

तिचा चेहरा बघितला आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. इतके दिवस मी चालू करायच्या नादात होते. चालू झाली की तुझा जीव मोकळा होणार, हा करार मीच केलेला, गावासमोर. म्हणजे आता बटण खाली केलं की तू गेलास. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तरी माझं बोट बटणापर्यंत जाईना. मी वहिनीकडं बघितलं, ती माझ्याकडं. आम्ही दोघी मशीनच्या दोन बाजूंना भुशात बसलो. तात्या येऊन बसले आणि त्यांनी तळहात मशीनवर टेकवला. पंगत मांडून झाली होती, पानं वाढली होती, पण आम्हाला हाक मारायला कुणी आलं नाही. महेश दाराशी उभा राहून बघत होता. मला तुला खूप काही सांगायचं होतं आणि त्या आवाजात काही सुचत नव्हतं. बरं झालं. सुचलं असतं तर परत पेट्रोलवरूनच भांडले असते.

बराच वेळ ती चालत राहिली.

मग वहिनीनं पदर सावरला आणि पुढं सरकली. तू कामाला निघालास की ती रोज दारात येऊन "या" म्हणायची. जाणाऱ्याला आपल्याकडं कुणी "जा" म्हणत नाही. त्या दिवशी तिनं मशीनच्या मुठीवर हात ठेवला, वाकली, आणि फक्त तुला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली, "जावा आता."

आणि बटण तिनंच खाली केलं.